‘आई, ही सिगारेट थोडीच आहे?’

ताई, सप्रेम नमस्कार.
मी लातूरला राहते. माझी मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तीन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. गौरी-गणपतीला घरी आली तेव्हा तिच्या फोनमध्ये फोटो दिसले. चौघी गोल करून बसल्यात, मध्ये हुक्का, आणि नळी माझ्या मुलीच्या हातात. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. विचारलं तर तिनं लपवलं नाही. म्हणाली, “आई, ही सिगारेट थोडीच आहे? धूर पाण्यातून गाळून येतो. नुसता फ्लेवर असतो. आम्ही दारू पीत नाही, पबमध्ये जात नाही, शनिवारी रात्री घरातच बसतो.” आधी म्हणे कॅफेत जायच्या, आता वर्गणी काढून स्वतःचा पॉट घेतलाय. मी ओरडले तर म्हणते, “आजी रोज सकाळी मिश्री लावते, तिला कोणी काही म्हणतं का?” यावर मला बोलताच आलं नाही. आमचे हे माळकरी आहेत. त्यांना कळलं तर शिक्षण बंद करून तिला घरी आणतील आणि स्थळं बघायला लागतील. आमचे संस्कार कुठे कमी पडले? यांना सांगू का? तिला परत आणू का?
– एक आई, लातूर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घाई त्याचीच आहे. तिला परत आणू नका. हुक्का तिच्या फुप्फुसांना आणि हृदयाला अपायकारक आहे आणि ते मी तुम्हाला कमी करून सांगणार नाही. पण हुक्का सुटतो. तिसऱ्या वर्षात सुटलेलं मुलीचं शिक्षण मात्र पुन्हा हाती लागणं फार कठीण असतं. शिवाय तुम्ही विचारलंत तेव्हा तिनं सरळ खरं सांगितलं, हे विसरू नका. खरं बोलल्याची शिक्षा म्हणून कॉलेज गेलं, तर यापुढे ती तुम्हाला काहीच सांगणार नाही. फ्लॅटमधल्या बाकीच्या तिघीही आपापल्या घरी तोंड मिटून बसतील.

आता संस्कारांचं. मला वाटतं, तुमचे संस्कार तिनं पाळलेत आणि ती हुक्क्याकडे वळली त्यात त्याचाही वाटा आहे. तुमच्या घरात सिगारेट वाईट, दारू वाईट, पबमध्ये जाणं वाईट. ती तिन्हीपासून लांब आहे आणि तुम्हाला ते अभिमानानं सांगतेय. हुक्क्याबद्दल मात्र घरात कधी कोणी चकार शब्द काढलेला नसणार. त्यामुळे तिच्या मनात जे ‘वाईट’ म्हणून नोंदलेलं आहे, त्यात हुक्का नाहीच. पुण्या-मुंबईतल्या मुलामुलींशी बोलताना हे मी पुन्हा पुन्हा ऐकते. वाया गेलेलीच मुलं हुक्का ओढतात असं मुळीच नाही. ‘आपण व्यसनी नाही’ याची पक्की खात्री असलेली, अभ्यासू, घरच्यांना जपणारी मुलंही त्यात असतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. आपल्याकडे मुलीच्या हातात सिगारेट दिसली तर टपरीवरचा माणूससुद्धा वळून बघतो. हुक्क्याला तो डाग नाही. तो सोफ्यावर बसून ओढतात, त्याला सफरचंदाचा, पुदिन्याचा, पानाचा वास येतो, कपड्यांना सिगारेटसारखी घाण येत नाही. हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. लेबनॉन, सीरिया अशा देशांतही बाईनं चारचौघांत ओढलेल्या सिगारेटपेक्षा कुटुंबाबरोबर बसून ओढलेला हुक्का जास्त खपतो. ज्याला समाज बोल लावत नाही ते शरीरालाही बाधत नाही, असं मन नकळत धरून चालतं.

आणि त्यात गोलाकार बसणं आलं. सिगारेट ज्याची तो ओढतो. हुक्का मध्ये असतो आणि नळी फिरत फिरत आपल्यापाशी येते. पहिल्यांदा बहुतेक कोणाच्या तरी वाढदिवसाला, ‘एकदा बघ तर’ म्हणून. त्या क्षणी नळी पुढे सरकवणारीला वाटतं आपण धूर नाकारत नाही, मैत्रिणींनाच नाकारतोय. घरापासून लांब राहणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीला हे किती जड जातं याचा विचार करा. तिला बहुधा ते शनिवारचं एकत्र बसणं हवं आहे. हुक्का त्याच्याबरोबर आला.

पण नळी हातात आली म्हणून काही कोणी दर आठवड्याला ओढत नाही. मनात आधी ‘यानं काही होत नाही’ हे बसलेलं असावं लागतं. तुमच्या मुलीनं तुम्हाला जी वाक्यं ऐकवली ती सबबी नाहीत. तिचा त्यांवर खरोखर विश्वास आहे. म्हणून तिच्याशी भांडण्यापेक्षा त्या समजुतींशी भांडा, आणि त्यासाठी खरी माहिती जवळ ठेवा.

सगळ्यांत घट्ट समजूत पाण्याची. ती आजची नाही, चारशे वर्षं जुनी आहे. अकबराचा सरदार असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरला आदिलशाही दरबारात गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली आणि ती तो बादशहाला नजर करायला घेऊन गेला. अकबरानं एक-दोन झुरके घेतले आणि दरबारी हकिमांनी हरकत घेतली, असं त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे मोगल दरबारात तंबाखू पोचली ती आपल्या दख्खनमधून. धूर पाण्यातून नेला की तो निर्दोष होतो ही युक्ती हकीम अबुल फतह गिलानी याची, असं परंपरेनं सांगतात. गंमत अशी की हा हकीम १५८९ सालीच वारला होता, असद बेग विजापूरला जायच्या कितीतरी आधी. कथा खरी असो वा नसो, ‘हकिमानं शोधलंय’ हा शिक्का हुक्क्यावर तेव्हापासून बसलाय. पुढे १६१७ साली जहांगिरानं तंबाखूवर बंदीही घातली, पण गुडगुडी सरदारांच्या बैठकीत रुळली ती रुळलीच. आज कॅफेतला वेटर ‘पाण्यानं फिल्टर होतं’ म्हणतो ते त्याच जुन्या शिक्क्याच्या जोरावर.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. धूर पाण्यातून बुडबुड्यांनी वर येतो. बुडबुड्याच्या आतल्या धुराला पाणी फारसं लागतच नाही. धूर थंड होतो, ओलसर होतो, थोडं निकोटिन पाण्यात उतरतं, एवढंच. डांबर, कार्बन मोनॉक्साइड, कोळशातले आणि तंबाखूतले जड धातू, कर्करोग करणारी रसायनं नळीतून वर येतातच. धूर थंड झाल्यानं घशाला झोंबत नाही, ठसका लागत नाही, म्हणून तो जास्त खोल आणि जास्त वेळ ओढला जातो. थोडं निकोटिन पाण्यात गेलं असेल तर शरीराची तेवढी तलफ भागेपर्यंत माणूस आणखी ओढतो. म्हणजे ज्या पाण्यामुळे मुलीला निर्धास्त वाटतं, त्याच पाण्यामुळे ती जास्त धूर आत घेते. हे तिला नीट सांगा. इंजिनिअरिंगची मुलगी आहे, बुडबुड्याचं तिला लगेच कळेल.

आकडे सांगायचे असतील तर जपून सांगा. ‘एक हुक्का म्हणजे शंभर सिगारेटी’ असं एक वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. ते तसंच तिच्या तोंडावर फेकू नका. ती शोधेल, त्यातली अर्धी बाजू तिला सापडेल आणि मग तुमचं बाकीचं खरंही तिला खोटं वाटेल. शंभराचा आकडा धुराच्या आकारमानाचा आहे. २०१६ साली अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीच्या अनेक अभ्यासांतले आकडे एकत्र करून हिशोब मांडला. एका सिगारेटच्या तुलनेत हुक्क्याच्या एका बैठकीत धूर सुमारे १२५ पट, डांबर २५ पट, कार्बन मोनॉक्साइड १० पट आणि निकोटिन अडीच पट आत जातं. सिगारेट ओढणारा दिवसाला दहा-वीस ओढतो आणि हुक्केवाला आठवड्यातून एकदा बसतो, त्यामुळे ही तुलना सरळसोट करता येत नाही, हेही त्या संशोधकांनी म्हटलंय. तिला हे सगळं सांगा, दोन्ही बाजूंसकट. पंचवीस पट डांबर हे कुठल्याही हिशोबानं ‘नुसता फ्लेवर’ होत नाही.

आणि फ्लेवर म्हणजे तरी काय? चिलमीत जे भरतात ते मुअस्सल. तंबाखूची पानं काकवीसारख्या गोड पाकात किंवा मधात मुरवलेली, त्यात ग्लिसरीन आणि फळांचा अर्क. हा गोड प्रकार १९९० च्या दशकात इजिप्तकडून जगभर पसरला. त्याआधीचा हुक्का उग्र होता, म्हाताऱ्यांचा होता. गोड झाला तसा तो तरुणांचा झाला. तंबाखू पहिल्यांदा ओढणाऱ्याला किळस येते, ठसका लागतो, आणि त्या किळसेनं कित्येक जण तिथेच थांबतात. मुअस्सलनं तो अडसर काढून टाकला. पहिल्याच खेपेला गोड लागतं. कंपन्यांनी ‘डबल अ‍ॅपल’ आणि ‘पान’ असे फ्लेवर निव्वळ चवीसाठी काढलेले नाहीत, त्यामागे हा धंद्याचा हिशोब आहे. याचा मला मनापासून राग येतो.

पुढची समजूत ‘हर्बल’ची. आपल्या राज्यात हुक्का पार्लरला बंदी आहे. २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलमधल्या पबला आग लागून १४ जण गेले आणि हुक्क्याच्या निखाऱ्यातून ठिणगी पडल्याचं चौकशीत पुढे आलं, त्यानंतर २०१८ साली महाराष्ट्रानं तंबाखू कायद्यात दुरुस्ती करून ही बंदी आणली. पण कायदा तंबाखूचा, म्हणून कॅफेवाले ‘हर्बल’ची पाटी लावतात. मुलांना वाटतं, भर रस्त्यावर चालू आहे म्हणजे अधिकृतच असणार, आणि हर्बल आहे म्हणजे निरुपद्रवीच असणार. पाटीमागे खरंच काय भरलंय हे ओढणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. आणि समजा तंबाखू नसलीच, तरी वर कोळसा आहे ना! कार्बन मोनॉक्साइड कोळशातून येतो. डोकं हलकं होतं, गरगरतं, मुलं त्याला ‘बझ’ आला म्हणतात आणि खूश होतात. तंबाखू असेल तर त्यात निकोटिनचा भाग असतो, आणि रक्तातला प्राणवायू कमी झाल्याचाही असतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर येऊन पडणं आणि त्यातून दवाखान्यात भरती व्हायची वेळ, हे हुक्का ओढणाऱ्यांच्या बाबतीत जगभर नोंदलेलं आहे.

म्हणून एक गोष्ट आजच सांगा, बाकीचं बोलणं पुढे कधीही होऊ दे. बंद खोलीत तो कोळसा पेटवायचा नाही. थंडीत खोली बंद करून शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गॅस तोच आहे, त्याला वास नसतो, रंग नसतो. चार मुली, पुण्यातला लहानसा फ्लॅट, शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून लावलेल्या खिडक्या, आणि रात्री एक वाजता तसाच राहिलेला निखारा. मला सगळ्यांत जास्त काळजी याची वाटते. ‘तू ओढतेस ते मला मान्य नाही, पण खिडकी उघडी ठेव आणि झोपण्याआधी निखारा पाण्यात विझव,’ असं म्हणायला लाजू नका. असं म्हणणं म्हणजे परवानगी देणं होत नाही.

‘आठवड्यातून एकदाच’ याबद्दल. तिला अजून व्यसन लागलेलं नसेलही. पण कॅफेतून पॉट घरात आला हा एक टप्पा आहे, आणि तो तुम्ही बरोबर हेरलात. हुक्क्याची सवय साधारण याच वाटेनं घट्ट होते. आधी बाहेर मैत्रिणींबरोबर, मग स्वतःचं सामान, मग शनिवारबरोबर बुधवार, मग मैत्रिणी गावी गेल्या तरी एकटीनं. तिला विचारा, परीक्षेच्या काळात बसणं बंद झालं तर चिडचिड होते का? एखाद्या शनिवारी कोळसा संपला तर चुकल्यासारखं वाटतं का? उत्तर तुम्हाला द्यायची गरज नाही, तिचं तिनं बघू दे. ‘मनात आणलं तर कधीही सोडेन’ असं ती म्हणाली, तर वाद घालू नका. ‘मग महिनाभर सोडून दाखव’ एवढंच म्हणा. आणि एकच नळी चौघींच्या तोंडात फिरते तेव्हा तोंडातले फोड, क्षयासारखे आजारही त्या वाटेनं फिरू शकतात, हेही जाता जाता सांगून ठेवा.

आता आजींची मिश्री. यावर तुम्हाला बोलता आलं नाही, आणि न बोललात ते बरंच झालं. मुलगी बरोबर बोलली. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. आपल्याकडे घरोघरी बायकांनी ती दात घासायची म्हणून लावली आणि कोणी तिला व्यसन म्हटलं नाही, कारण ती मशेरी होती, न्हाणीघरातली, बायकांची. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, लावली नाही तर डोकं धरतं, हे त्या स्वतःच सांगतात, आणि तरी ते निकोटिन आहे असं कोणाच्या मनात येत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तिच्यातही आहे. आजी मिश्रीला तंबाखू मानत नाहीत आणि नात हुक्क्याला धूम्रपान मानत नाही. दोघींची समजूत एकाच जातीची आहे. तुमच्या मुलीला ती आजीत दिसली, स्वतःत दिसली नाही, एवढंच.

तेव्हा मुलीला फोन कराल तेव्हा सुरुवात इथून करा. ‘तू आजीबद्दल म्हणालीस ते खरं आहे, आम्ही कधी लक्ष दिलं नाही. मी त्यांना तपासायला नेणार आहे.’ आणि खरोखर न्या. सरकारी रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांना त्यांचं तोंड दाखवा. पांढरे चट्टे आहेत का, तोंड पुरतं उघडतं का, बरी न होणारी जखम आहे का, ते बघतील. या वयात मिश्री एका दिवसात सुटणार नाही, पण सासूबाईंना रागावून किंवा डबी लपवून तर मुळीच सुटणार नाही. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. तिथले समुपदेशक मिश्रीबद्दलही बोलतात आणि हुक्क्याबद्दलही. नंबर दोघींना द्या. मुलीला असं दिसलं की आई सगळ्यांना एकच माप लावते, तर ती ऐकेल. फक्त आपल्यालाच धरलंय असं वाटलं, तर नाही ऐकणार.

बोलताना कर्करोगाचे फोटो पाठवू नका. वीस वर्षांच्या मुलीला साठाव्या वर्षाची भीती घालून उपयोग होत नाही. आणि मैत्रिणींना नावं ठेवू नका, त्यांना शिव्या दिल्यात की ती त्यांची बाजू घेणार. उलट चौघींना विचारा, शनिवारी काय करता येईल. त्यांना एकत्र बसायला हवंच आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्याबरोबर जा, दोन दिवस त्या फ्लॅटवर राहा, चौघींना जेवायला घाला. तिथे बोलण्याच्या ओघात पॉट घरातून काढायचं म्हणा. चौघींनी वर्गणी काढून आणलाय, तो चौघींनी मिळूनच काढायला हवा. एकटी तुमची मुलगी सोडायला निघाली आणि पॉट दिवाणखान्यात तसाच राहिला, तर तिला फार जड जाईल.

राहिला तुमच्या यजमानांचा प्रश्न. आत्ता सांगू नका, असं मी स्पष्ट म्हणते. नवऱ्यापासून गोष्टी लपवाव्यात असं माझं मत नाही. पण तुम्हीच लिहिलंय की कळल्याबरोबर ते शिक्षण थांबवतील. रागाच्या भरात घेतलेला तो निर्णय मग मानापमानाचा होतो आणि मागे घेता येत नाही. मुलीला मात्र सांगा, ‘हे मी बाबांपासून कायमचं लपवणार नाही. तू सोडलंस की तूच त्यांना सांग, मी शेजारी बसेन.’ सुटल्यावर मुलीनं स्वतः येऊन सांगितलेलं ऐकणं बापालाही सोपं जातं. माळकरी माणूस आहेत, व्यसन सोडून माळ घातलेली कितीतरी माणसं त्यांनी दिंडीत पाहिली असतील. आधी धमकी म्हणून बाबांचं नाव मात्र काढू नका. ‘थांब, बाबांना सांगते’ हे एकदा जरी तोंडातून गेलं, तरी ती तुमच्यापासूनही लपवायला लागेल.

पुढच्या फोनला खिडकीचं आणि निखाऱ्याचं आधी सांगा. आजींना दवाखान्यात नेऊन आलात की मला जरूर लिहा, आणि मुलीला लिहावंसं वाटलं तर तिलाही लिहू द्या. तिचं पत्र मी छापणार नाही, तिला थेट उत्तर देईन.

तुमची,
ताई